कुलपांचा हिवाळा

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवरून मेंढरं निघतात. पहाटेच घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं असतं, वर डालग्यात कोंबड्या, एखादं अंगावरचं पोर. कुत्री पुढे पळतात, परत येतात, पुन्हा पळतात. सूर्य कासराभर वर येईपर्यंत सगळं ओढ्यापलीकडे गेलेलं असतं आणि उडालेली धूळ दुपारपर्यंत बाभळीवर बसून राहते. मग वस्ती गप्प होते. एकेका दाराला कुलूप लागतं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी पोरं आणि त्या पोरांसाठी थांबलेल्या माझ्यासारख्या दोन-तीन बाया. मेंढरं येतात ती पावसाळ्याच्या तोंडावर. तोवर ही कुलपं उघडत नाहीत.

मला हा हिवाळा पूर्वी फार आवडायचा. सकाळची थंडी अंगात शिरते, शाळू पोटऱ्यात येतो, खालच्या अंगाच्या द्राक्षबागांतून फवारणीचा कडवट वास येतो. वस्तीवर एवढी शांतता असायची की शाळेतला पाढा माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायचा. आता दिवाळीची पणती उचलून ठेवली की माझे कान रस्त्याकडे लागतात. ओढ्याकडून मोटारसायकलचा आवाज आला की हातातलं काम थांबतं. ती पुढे निघून गेली की पुन्हा हात चालू होतो.

आमची शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याची स्वयंपाकाची खोली. मी तिथे पोरांची खिचडी शिजवते. मीही याच शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेव्हा ती बाभळीखाली भरायची. पाचवी मोठ्या गावात होती. मुलीला तेवढ्या लांब कोण पाठवणार, म्हणून पाचवीच्या वर्षी मी मेंढरांमागे चालत होते. म्हणून माझ्या लेकाला मी एकच सांगितलं होतं, तुझी सोनी मेंढरांमागे न्यायची नाही, ती माझ्याजवळ राहील, शाळेत जाईल. सोनी माझी नात. आता तिसरीत आहे.

गुरुजी होते तेव्हा पोरं तीसपर्यंत पाढे म्हणायची. गुरुजी साताऱ्याकडचे, रहिमतपूरच्या बाजूचे. आठ वर्षं ते या शाळेवर होते. खिचडी तयार झाली की वाढायच्या आधी ती गुरुजींनी चाखायची आणि चवीच्या वहीत लिहायचं, असा नियम आहे. गुरुजी रोज चाखायचे आणि रोज म्हणायचे, "मावशी, मीठ बरोबर आहे, पण मसाल्याला जरा तुमच्यासारखा लाजरेपणा आहे." पोरं हसायची. मी पदर तोंडाला लावून आत पळायची.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गुरुजींच्या मागे मतदार यादीचं काम लागलं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. शाळा सुटली की गुरुजी वही घेऊन घरोघर हिंडायचे. कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गाव सोडून गेलं. मला म्हणायचे, आता शिकवण्यावाचून सगळी कामं येतात मला. आमच्या वस्तीवर आले तर चौदा जण घरी नाहीत, बहुतेक दारांना कुलपं. ती माणसं कुठे गेली ते गुरुजींना ठाऊक होतं, पण कागदाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या नावाची एकेक नोटीस केली. ठरलेल्या दिवसांत कुणी येऊन सांगितलं की आम्ही इथलेच आहोत, तर नाव राहणार. नाही आलं तर कमी होणार.

त्या चौदा नोटिसा गुरुजींनी माझ्या हातात दिल्या. आबांना नेऊन द्या, म्हणाले, ते पोरांना फोन करतील. आणि लहान पोराच्या हातात देऊ नका, सरकारी कागद आहेत.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. आणि इथेच सगळं बिघडलं.

आमच्यात थोरल्या दिरासमोर भावजय उभी राहत नाही. त्यांच्या अंगणातून जायचं तर चपला हातात आणि पदर कपाळावर, तेही घराच्या मागून वळसा घालून. त्यांच्याशी बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. सोनी असली तर "सोने, आबास्नी सांग, भाकरी झाली." सोनी नसली तर भिंतीला सांगायचं. एकदा कुणीच नव्हतं, तेव्हा मी शेळीला म्हटलं होतं, "शेळे, आबास्नी सांग, वैद्य आल्यात." शेळी गप्प आणि आबा उठून आत गेले. माझ्या जाऊबाई ते आठवून वर्षभर हसत होत्या. त्या होत्या तोवर सगळं त्यांच्या तोंडून चालायचं. त्या वारल्यावर आबांचं घर आणि माझं घर यांच्यात फक्त सोनी उरली. तीस वर्षांत मी आबांशी सरळ एक शब्द बोलले नव्हते.

मी नोटिसा घेऊन गेले तेव्हा आबा ओट्यावर नव्हते. त्यांची सूत कातायची चाती आणि लोकरीचा गठ्ठा तिथे होता. आबा अजून हाताने सूत कातून घोंगडी विणायला देतात. घरामागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी कागद लोकरीखाली सारले, भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "कागद ठेवल्यात." एवढं हळू म्हटलं की मलाच नीट ऐकू आलं नाही. आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, पोचले का? मी व्हय म्हटलं.

तो एक शब्द मी नंतर किती वेळा परत घेतला असेल. चुलीपाशी, ओढ्यावर धुणं धुताना. ठेवले आणि पोचले यात केवढा तरी रस्ता आहे, आणि तो मी चालले नव्हते. भिंतीला सांगून झालं की काम झालं, असं मला वाटत आलं होतं, कारण घरातली कामं तशी होत होती. सरकारी कागद भिंतीचं ऐकत नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

यादी चावडीवर लागली. आमच्या वस्तीची चौदा नावं तीत नव्हती. त्यात माझे मालक होते, माझा लेक होता, आबांचे दोघे थोरले होते. आमच्या वस्तीची मतं पहिल्यापासून एकाच पॅनेलला जातात. त्या पॅनेलच्या लोकांनी एकच धरलं की गुरुजी समोरच्या पॅनेलला मिळाला. आबांचा धाकटा मुलगा संभा तेव्हा मेंढरांमागे नसायचा. गावातच त्या पॅनेलच्या लोकांबरोबर मोटारसायकलवर हिंडायचा.

दुपारची वेळ होती. पोरं व्हरांड्यात ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. गुरुजींनी खिचडी चाखली होती आणि वहीत लिहायला पेन काढलं होतं. दोन मोटारसायकली आणि एक जीप आली. पाच जण उतरले, त्यात संभा. मला वाटलं प्रचाराचे कागद वाटायला आले असतील.

पुढचं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. खुर्ची पडल्याचा आवाज. घंटा वाजवायचा लोखंडी दांडा खुंटीवरून कुणीतरी ओढून घेतला. पोरं रडली नाहीत. हे फार वाईट होतं, एकही पोर रडलं नाही, सगळी ताटलीकडे बघत बसली. संभाला गुरुजींकडे जायचं होतं आणि मध्ये पोरांची रांग होती. तर त्याने पाय उचलून, जपून, एकेक ताटली ओलांडली. सोनीची ताटली ओलांडताना त्याने तिच्या डोक्यावर तोल सावरायला हात टेकवला. अन्नाला पाय लागू नये एवढं त्याला त्या वेळीही कळत होतं.

त्यांनी गुरुजींना विचारलं, घरं रिकामी हाईत म्हणून कुनी सांगितलं तुला? नोटीस कुठं हाय? कुनाकडं दिलीस?

गुरुजी म्हणाले, "मी स्वतः बघितलं. कुणी सांगितलं नाही."

त्या वेळी त्यांनी एकदा स्वयंपाकाच्या खोलीकडे पाहिलं. मी दाराआड होते, हातात पळी होती. त्यांना मी दिसले. मग त्यांनी मान वळवली ती पुन्हा माझ्याकडे केली नाही. उजवा हात त्यांनी डोक्यावर धरला होता, तो तिथेच मोडला.

त्यांना सांगलीला नेलं. पोलीस आले, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी मागं भांडी घासत व्हते. भांडी तर कोरडी होती, पोरं जेवलीच नव्हती. पण त्यांनीही पुढे विचारलं नाही. केस झाली, तारखा पडतात. संभा सुटून आला आणि तेव्हापासून मेंढरांमागेच असतो, वस्तीवर फार थांबत नाही. गुरुजी बरे झाल्यावर त्यांच्या गावाकडच्या शाळेवर गेले. जाताना आले नाहीत. कुणाचं तोंड बघायला यावं त्यांनी.

दोन हिवाळे झाले. घंटेचा दांडा पोलिसांनी नेला तो आलाच नाही. त्यामुळे शाळा भरताना आणि सुटताना आता घंटा होत नाही. मधल्या एका सरांनी दगडाने घंटा वाजवून पाहिली, तर दुसरीतली दोन पोरं बाकाखाली जाऊन बसली. मग नकोच म्हणाले. ते सर चार महिने राहिले. त्यांच्या आधीचे तीनच महिने. कुणी आलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्यांना मागची गोष्ट सांगतं आणि ते बदलीचा अर्ज लिहायला घेतात. मी त्यांना दोष देत नाही. मला जर बदली मिळत असती तर मीही मागितली असती. प्रत्येक नवे सर बेच्या पाढ्यापासून सुरू करतात आणि साताच्या आसपास निघून जातात. आमच्या पोरांना त्यामुळे सातापर्यंतचे पाढे फार पक्के येतात. आठाला सगळी अडखळतात. गावातली ज्यांना जमतं त्यांनी आपली पोरं व्हॅनने तालुक्याला, कवठ्याला, इंग्रजी शाळेत घातली. सव्वीस पोरं होती, आता अकरा आहेत. मोठं पातेलं मी पालथं घालून ठेवलं आहे, त्यात अकरा जणांची खिचडी बुडाला करपते.

अकरातली पाच आमच्या वस्तीवरची. ही शाळा मिटली तर ती तालुक्याला जाणार नाहीत, पुढच्या दिवाळीला घोड्यामागे चालतील. सोनीसुद्धा. तिच्या आईचा निरोप आत्ताच येतो की तिकडे कामाला पोरीचा हात हवा.

या पावसाळ्यानंतर नव्या बाई आल्या. इस्लामपूरकडच्या. वय असेल पंचविशीचं. माहेरी उसाचं रान, नवरा सैन्यात. स्कूटीवर येतात आणि स्कूटी लावताना तिचं तोंड फाटकाकडे करून लावतात. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि कळलं की यांना कुणीतरी सांगितलं आहे. तरी त्यांनी अर्ज लिहिला नाही. दुसऱ्या आठवड्यात पोरं नवाचा पाढा म्हणत होती. मी खिचडी ढवळायची थांबून ऐकत राहिले. बाईंनी मला एकदा विचारलं होतं, मावशी, इथं मागं नेमकं काय झालं? सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, काय न्हाई वो, भांडण झालं व्हतं.

आणि आता पुन्हा दिवाळी झाली, मेंढरं गेली, कुलपं लागली. या खेपेला जिल्हा परिषदेची निवडणूक आहे, गावातल्या भिंतींना पांढरा रंग देऊन त्यावर पॅनेलच्या लोकांनी आपापल्या जागा धरून ठेवल्या आहेत. काल पोरं जेवून गेल्यावर बाई कागदांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत आल्या. यादीचं काम या वर्षी त्यांच्याकडे आहे.

"मावशी, या तुमच्या वस्तीवरून बाहेर गेलेल्यांच्या नोटिसा. तेवढ्या पोचवाल का?"

माझे हात ओले होते. मी ते पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. बाईंना वाटलं मला अक्षर लागत नाही, म्हणून त्यांनी पहिलं नाव वाचून दाखवलं. ते संभाचं होतं. या वर्षी तोही कुलपातला.

मी कागद घेतले. नाही म्हणण्याचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

वाटेत ओढ्याच्या दगडावर बसले. पुढे काय होईल ते सगळं मला दिसत होतं. स्कूटीचं तोंड फाटकाकडे आहे, पण फाटकातूनच तर माणसं येणार. बाईंचा हात गुरुजींच्या हाताच्या निम्मा आहे.

आबा ओट्यावर होते. मांडीवर चाती फिरवत सूत काढत होते. मी मागून वळसा घातला नाही. समोर जाऊन उभी राहिले. चपला मात्र हातातच होत्या, त्या खाली ठेवायचं सुचलं नाही.

"आबा, यादीचं कागद आल्यात. वाचून दावते," मी म्हटलं. माझाच आवाज मला परक्या बाईचा वाटला.

आबांची चाती थांबली. त्यांनी मान फिरवली, बाभळीकडे बघत बसले. भावजयीकडे बघायचं नाही हे त्यांनाही तेवढंच बांधलेलं आहे. मला वाटलं उठून आत जातील.

मग ते बाभळीला म्हणाले, "मागल्या खेपंचं बी मला घावलं व्हतं. लोकरीखाली. अक्षर लागत न्हाई मला, शिक्का बघितला. वनखात्याची नोटीस वाटली. पोरांनी कुठं मेंढरं घातली असतील म्हनून चुलीत घातली."

मी हातातले कागद सरळ करत राहिले.

"तू ठेवलीस त्ये म्हाईत व्हतं मला. खोकत व्हतो तरी ऐकलं. इचारायला पायजे व्हतं. पर तू भावजय. कसं इचारू?"

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकच गोष्ट उराशी धरून शेजारी शेजारी राहत होतो. त्यांच्या चुलीतली राख आणि माझा एक व्हय, आणि मध्ये गुरुजींचा हात. मला आबांचा राग यायला हवा होता. आला नाही. दारूच्या धुंदीत कुणी हे केलं असतं तर रागावता आलं असतं. आम्ही हे सगळं मर्यादा पाळून केलं होतं.

आबांनी खिशातून फोन काढला. मेंढरं इस्लामपूरच्या पुढे, तोडलेल्या उसाच्या रानात बसली आहेत. फोन संभाने उचलला. आबांनी फोन ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाले, वाच. मी एकेक नाव वाचत गेले. मालकांचं नाव आलं तेव्हा थांबले. नवऱ्याचं नाव मी आजवर उखाण्याशिवाय घेतलेलं नाही आणि हे तर थोरल्या दिरासमोर. इथे लिहितानाही माझा हात थांबतो. पण नाव वाचल्याशिवाय ते त्या यादीत राहणार नव्हतं. मी घेतलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

फोनमधून संभाचा आवाज आला, "कोन वाचतंय?"

"तुजी चुलती," आबा म्हणाले.

तिकडे नुसती मेंढरं ओरडत होती. मग तो म्हणाला, "काकू, मागल्या खेपंला बी कागद तुज्याकडंच आलं व्हतं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना काय सांगायचं होतं मला कळलं नाही, गप्प राहा की बोल. त्यांनाही ते ठरवता आलं नसावं.

"व्हय," मी म्हटलं. "माझ्याकडंच दिलं व्हतं. गुरुजींनी माजं नाव सांगितलं न्हाई."

चुलीत कुणी घातले ते मी बोलले नाही. आबाही बोलले नाहीत.

मग संभा म्हणाला, "माजी सही मीच करतो. परवा येतो शाळंत." आणि फोन ठेवला. त्या आवाजात राग होता की दुसरं काही, हे मी तेव्हापासून ताडून बघते आहे. कधी वाटतं घसा भरून आला होता. कधी वाटतं दात आवळले होते. आबांना विचारावं तर ते कातायला लागले होते, आणि सूत सारखं तुटत होतं.

आज सकाळी मी बाईंना सगळं सांगितलं. पोरं पाढे म्हणत होती तेव्हा, चुलीपाशी बसवून. कागद, लोकर, व्हय, दांडा, ताटल्या. बाईंच्या हातातला फोन या हातातून त्या हातात जात होता. संभा उद्या येतोय हेही सांगितलं. आवाज कसा होता विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कळलं न्हाई.

दुपारी त्यांनी स्कूटी बाहेर काढली. पाय खाली टेकवले. मग मला म्हणाल्या, "मावशी, उद्या मी येऊ का?"

त्यांच्या आईने काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. मीही कुणाची तरी आई आहे. पण उद्या त्या आल्या नाहीत तर परवाही येणार नाहीत, आणि पोरं पुन्हा कुणाची तरी वाट बघत बेच्या पाढ्यापाशी बसतील.

मी म्हटलं, या.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. आता उन्हं कलली आहेत. सोनी उद्याचं दप्तर भरते आहे, चौकटीची वही सापडत नाही म्हणून मला हाका मारते आहे. बाईंना मी या म्हटलं. सोनीला उद्या शाळेत पाठवायचं की नाही, ते माझं अजून ठरत नाही.